निरोप आधी, सभा नंतर

दिल्लीत आर. के. पुरमच्या मराठी मंडळाचे दिनकरराव सलग एकोणीस वर्षं सरचिटणीस होते. खुर्ची अशी चिकटलेली, की ते उठले की तीही उठते, असं त्यांची बायको प्रभा सांगे.

मागच्या वार्षिक सभेत मात्र तोंड नडलं. पर्यावरणाच्या कुठल्याशा कंपनीत काम करणारी स्वानंदी उभी राहिली. "काका, आपल्या मंडळाचा कार्बन फुटप्रिंट किती?"

"कितीही असो, वर्षात निम्मा करतो. नाहीतर राजीनामा!"

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात अध्यक्ष अहिल्याताईंच्या. त्यांचा भाऊ त्या खुर्चीसाठी कधीचा तयार होता.

दिनकरराव कामाला लागले. जनरेटर गेला, छापील अहवाल गेला, पाण्याच्या बाटल्या गेल्या. फरीदाबादचे सातजण एका गाडीत कोंबले. दहा महिन्यांनी स्वानंदीने आकडा काढला. फक्त अकरा टक्के घट.

"अगं, मग बाकीचा कुठाय?"

"फाटकाशी, काका."

खरंच होतं. सभा चाळीस मिनिटं, निरोप दीड तास. "बरंय, येतो," म्हणत माणूस गाडीत बसणार, इंजिन चालू, एसी चालू, आणि मग काच खाली करून पुतणीच्या लग्नापासून सुरुवात. नोएडाचे हरीश दाते तर निरोप घेताघेता पेट्रोल संपून दिनकररावांकडे तीन दिवस मुक्कामाला होते. फाटकातला कडुनिंब खोकायचा. प्रभाताईंनी बुंध्याशी हळदीचं पाणी घातलं, तेव्हा कुठे थांबला.

इंजिन बंद करा म्हटलं, की उत्तर ठरलेलं: "बंद कशाला? निघालोच की!"

शेवटी दिनकररावांना सुचलं. वार्षिक सभेच्या पत्रिकेत पहिलाच विषय आला: दुपारी चार वाजता, गाड्या बंद करून, अंगणात निरोप. साडेपाचला सभा. मग मुकाट्याने घरी.

निरोप झकास झाला. चिवड्याचे डबे फिरले, "यार, एकदा या ना घरी" झालं, दोघींनी डोळे पुसले. साडेपाचला सगळे तृप्त. आणि निरोप झाल्यावर माणूस जे करतो, तेच दीडशे माणसांनी केलं. गेले. दोन मिनिटांत अंगण साफ.

हॉलमध्ये उरले चौघं: दिनकरराव, प्रभाताई, अहिल्याताई आणि स्वानंदी. स्वानंदीने फोन पाहिला. "काका, आजचा आकडा एकदम मस्त. पण वर्षाची घट एकोणीस टक्केच."

"हरलात," अहिल्याताई म्हणाल्या. "लिहा राजीनामा."

दिनकररावांनी खिशातून पेन काढलं, जड हाताने चार ओळी लिहिल्या, सही केली. एकोणीस वर्षं अशी कागदावर उतरलेली पाहून त्यांना भरून आलं. कागद पुढे करता करता त्यांची नजर रिकाम्या खुर्च्यांवरून फिरली.

"घ्या, ताई. पण मंजूर सभेने करायचा असतो. कोरम साठचा. आपण चौघं."

अहिल्याताईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "मग पुन्हा बोलवा सभा!"

"बिल्कुल. पुढच्या रविवारी," दिनकरराव खुर्चीत नीट टेकून बसले. "निरोप चार वाजता."