आधी ती, मग मी

मी एक जुना सोड्याचा सायफन आहे, म्हणजे दांडा दाबला की सोडा उडवणारी बाटली. अंगाने ॲल्युमिनियमचा, स्वभावाने जळकुटा. हंगेरीत बालाटन सरोवराच्या काठी वेंडेल आणि पिरोश्का या नवराबायकोच्या स्वयंपाकघरात माझी चाळीस वर्षे गेली.

मित्रांनो, पिरोश्काने मला आणले तेव्हा माझा लाल रंग नुसता चमकत होता. उन्हाळ्यात ती माझ्यात गार पाणी भरायची आणि गॅसचे बोटभर नळकांडे मानेपाशी पिळून बसवायची. माझ्या पोटात खळबळ उडायची. तोवर वेंडेल द्राक्षमळ्यातून उन्हाने भाजून यायचा. मग अक्रोडाच्या झाडाखाली फ्रोच व्हायचा, म्हणजे घरची पांढरी वाइन आणि माझा सोडा.

आता माझे दुखणे सांगतो. ग्लासात आधी वाइन, मग सोडा, असा या घरचा नियम. सोड्याच्या जोराने दोन्ही आपोआप मिसळतात, चमचाही लागत नाही. मेहनत माझी, आणि घोट घेऊन वेंडेल म्हणायचा, "काय वाइन झालीय यंदा!" शेजारी माना डोलवायचे. माझे नाव कोणी काढील तर शपथ. वाइन तळघरात थाटात पडून राहायची आणि मी फ्रिजमध्ये काकडीच्या लोणच्याला खेटून उभा. मला ती डोळ्यांसमोर नको व्हायची.

एकदा त्यांच्या जावयाने चुकून आधी सोडा ओतला. माझ्या आनंदाला पारावार उरला नाही. पण वरून वाइन पडताच सगळा फेस टेबलावर सांडला. वेंडेलने तो ग्लास जिरेनियमच्या कुंडीत रिकामा केला.

पुढे वेंडेलचे वय झाले. पिरोश्का गुपचूप वाइन कमी करून सोडा वाढवू लागली. दोन भाग वाइनवर एक भाग सोडा होता, ते निम्मे निम्मे झाले. मग दोन भाग मीच. मी मनातून फुगत होतो. मागच्या जूनमध्ये डॉक्टरांनी वाइन साफ बंद केली आणि माझे घोडे गंगेत न्हाले. आता ग्लासभर मीच.

वेंडेल झाडाखाली बसला. पिरोश्काने काठोकाठ सोडा भरला. चाळीस वर्षे ज्या शब्दाची वाट पाहिली तो आता येणार, म्हणून मी टक लावून होतो. त्याने एक घोट घेतला.

"पाणी गार आहे," तो म्हणाला आणि ग्लास खाली ठेवला.

पाणी! त्या उन्हाळ्यात तो झाडाखाली फारसा बसलाच नाही. मी फ्रिजमध्ये पडून राहिलो, माझ्या मानेतले रबर वाळून कडक झाले.

सप्टेंबरात डॉक्टर थोडे नरमले. रविवारी दोन घोट चालतील म्हणाले. पिरोश्काने माझे रबर बदलले, ग्लासात बोटभर वाइन ओतली आणि मला वेंडेलच्या हातात दिले.

"घे, तूच दाब."

त्याने दांडा दाबला. मी जीव ओतून सुटलो. त्याने घोट घेतला, डोळे मिटले.

"पिरोश्का, काय वाइन आहे गं!"

मित्रांनो, जळलो मी, खोटे कशाला बोलू? पण तो पुन्हा झाडाखाली बसला होता. म्हणून एवढेच मागतो, माझे रबर वर्षातून एकदा बदलत जा. आणि ग्लासात आधी तिला घाला. मी थांबतो.