लांबलेली विचारपूस

"पुरे झाली सर्कस! त्या गुडघ्यात आता लोखंड आहे," थोरला भाऊ सेब्याला बहिणीवर खेकसला. "पाहुण्यांपुढे कोसळलीस तर पोरीचं लग्न राहील बाजूला, तुझीच वरात काढावी लागेल. धाकटी बहीण नामुली बसेल तुझ्या जागी."

खाटेचा पाय धरून नाबुकेन्या गुडघे टेकता येतात का ते पाहत होती. जन्मभर शिवणयंत्र मारून तिचे दोन्ही गुडघे गेले होते. उजव्याची शस्त्रक्रिया झाली होती, डाव्याची व्हायची होती. गुडघे टेकायचे नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आता डॉक्टरांना काय सांगणार? आमच्या बुगांडात बाईने माणसाला भेटायचं ते गुडघे टेकूनच. मागणीच्या दिवशी तर नवरदेवाला फूल लावून वरपक्षापुढे गुडघे टेकायचा मान आत्याचा. जी टेकत नाही, ती आत्या कसली! नवरीमुलगी नामुतेबी ही भावाची पोर; तिची आई गेल्यापासून तिला हिनेच वाढवलं होतं. पोटचं मूल नव्हतं. हा एवढा मान तिला दुसऱ्या कुणाला द्यायचा नव्हता.

"दादा, गुडघे माझे आहेत," ती म्हणाली.

मांडवात तिने नवरदेवाच्या कोटाला फूल लावलं, मागे आली आणि चटईवर टेकली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. तरी ती हसली, नमस्कार झाला, आणि उठायला गेली तर पाय उचलेना.

मग तिने विचारलं, "घरी म्हातारी आई बरी ना?"

"बरी आहे ताई," नवऱ्याचा काका म्हणाला.

"केळीची बाग?"

"झकास."

"गाई? व्याली का कुठली?"

गाई झाल्या, वासरं झाली, शेजारीपाजारी झाले. भाऊ लांबून डोळे वटारत होता. पाहुणे मात्र खूश. "याला म्हणतात वळण!" काका म्हणाला. "हल्लीच्या पोरी टेकतात न टेकतात तोच उठतात."

शेवटी जेवणाची हाक आली. माणसं केळ्यांच्या वाफाळत्या मटोकेकडे वळली. नाबुकेन्या तिथेच होती. घाम मानेवरून गोमेसीच्या झग्यात उतरत होता.

नामुतेबीच्या ते लक्षात आलं. भरजरी कपड्यांनिशी ती आली आणि आत्यापुढे गुडघे टेकून बसली.

"आत्या, उठवू?"

"आत्ता नको. काका बघतोय अजून."

"मग काय करू?"

"नवरीमुलगी ना तू? विचार माझी खुशाली. त्यांना वाटू दे, चाललंय आपलं."

नामुतेबीने तिचे दोन्ही हात हातात घेतले. पोरीला रडू आवरेना, तरी रीतीप्रमाणे मान खाली घालून, पाहुण्यांना विचारतात तसं तिने विचारलं, "प्रवास कसा झाला, आत्या?"

"लांबचा होता गं," नाबुकेन्या म्हणाली. "फार दमले मी."