स्तवनिधीचे रविवार

माझा नवरा जैन मुनींची दीक्षा घेणार, ही बातमी बेळगावातल्या अख्ख्या खासबागेत पसरली तेव्हा विश्वास न बसलेली मी एकटीच होते. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि अभिनंदननं मला चांगलंच पोळलेलं होतं.

तो उद्यमबागेतल्या एका कारखान्यात फोरमन आहे, पण जीव सगळा हिमालयात. दोन वर्षांपूर्वी उत्तराखंडात त्याच्या डोळ्यांदेखत त्याचा दोस्त भावकू बर्फाच्या भेगेत गेला. परत आल्यावर त्यानं आमच्या लेकीच्या, चंदनाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, आता डोंगर बंद. चंदना तेव्हा चार वर्षांची. अशा शपथा त्याआधीही दोनदा झाल्या होत्या.

यंदा चातुर्मास लागला आणि आमचे साहेब बदलले. जेवण एकच वेळ, तेही दिवस मावळायच्या आत. गादी सोडून फरशीवर चटई. पहाटे चारला गार पाण्यानं आंघोळ. आणि दर रविवारी मोटरसायकल काढून स्तवनिधीला, निपाणीच्या अलीकडं घाटात आमचं तीर्थ आहे तिथं, महाराजांच्या दर्शनाला. माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते, त्यांनी ही लक्षणं बघितली आणि निकाल लावून टाकला: पोरगं वैराग्याला लागलं. अभिनंदन हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही. मला तिथंच वाटलं, पाणी कुठंतरी मुरतंय.

लोक त्याला मानानं जेवायला बोलवू लागले. शेजारची मंगल त्याच्या पाया पडली, तर यानं पडू दिलं! डोंगरातला माणूस अचानक देवाचा होतो, हे मला पटेना. मी त्याच्या डब्यावर, चपलांवर, पेट्रोलवर नजर ठेवायला लागले.

आमच्यात दीक्षा घ्यायची तर घरच्यांची परवानगी लागते. दसलक्षण पर्वात बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, अभिषेक झाल्यावर आत्या सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या. "माझी हरकत न्हाय. सोडला मी त्याला," एवढं बोलून मटकन खाली बसल्या. अभिनंदन त्यांच्या पायांवर डोकं ठेवून नुसता गप्प. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, मला विचार करायला वेळ द्या.

घरी आल्यावर तो शर्ट बदलत होता. दोन्ही खांद्यांवर लाल वळ. देवाच्या पाया पडून खांद्याला वळ उठतात होय?

पुढच्या रविवारी तो गेल्यावर मी निपाणीची बस धरली आणि स्तवनिधीला उतरले. बस्तीच्या दारात पाय धुवायला पाणी देणारे म्हातारे आजोबा होते. त्यांना अभिनंदनबद्दल विचारलं.

"बेळगावचे न्हवं? पाठीवर मोठी ब्याग असत्या, तेच की," ते म्हणाले. "हितंच ठिवून जात्यात ती. दर्शन घेत्यात आन् मागचा डोंगर चढत्यात. धा-धा खेपा. नवस हाय म्हणं."

मी डोंगराच्या वाटेवर जाऊन उभी राहिले. थोड्या वेळानं तो खाली आला, घामानं निथळत. मला बघून थांबला. मी त्याच्या पाठीवरच्या बॅगेला हात लावला. वाळू होती.

"किती किलो?"

"पंचवीस."

"म्हणजे दीक्षा न्हाय."

"मी कधी म्हणलो दीक्षा? तुम्हीच ठरवलंसा."

"आन् तुम्ही गप्प बसलासा."

त्यानं बॅग उतरवली. "देवाच्या वाटेला लागलेल्या माणसाला कुणी अडवत न्हाय, रूपाली. दोन म्हैने झाले, कुणी एक शब्द इचारला न्हाय मला." मग बॅगेच्या कप्प्यातून त्यानं घडी घातलेला फॉर्म काढला. नेपाळातलं शिखर, आठ हजार मीटरच्या वरचं. खाली पत्नीची सही हवी होती, आमची काही हरकत नाही म्हणून. उद्या, सोमवारी शेवटची तारीख.

मला भयंकर राग आला. आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं, माझा संशय खरा ठरला म्हणून. त्या बरं वाटण्याची मला आजही लाज वाटते.

"आधी आत्यांना सांगा," मी म्हटलं. "त्यांनी तुम्हाला मुनी व्हायला सोडलंय, मरायला न्हाय. मग बघू सहीचं."

त्याच्याच गाडीवरून आम्ही दुपारी घरी आलो. चंदना दारातच होती. त्यानं हेल्मेट काढलं आणि नेहमीसारखे हात पसरले. ती दोन पावलं मागं सरली आणि मुनींना करतात तसे हात जोडून म्हणाली, "नमोस्तु."

"हे काय गं? ये की."

"न्हाय. म्हाराजांना पोरींनी शिवायचं न्हाय. आज्जीनं शिकवलंय."

"कवापासनं?"

"रोज दुपारी. आज्जी म्हाराज बनत्या आन् मी लांब उभारते. पयल्यांदा लई रडू यायचं, आप्पा. आता न्हाय येत."

तो उंबऱ्यावरच बसला. आत्यांना त्यानं तिथूनच सगळं सांगितलं. त्या उठून त्याला जेवायला वाढायला गेल्या.

सोमवार उलटून गेला. त्यानं सही मागितली नाही, मीही विषय काढला नाही. चंदना मात्र त्याच्या मांडीवर परत बसली ती थेट दिवाळीत, आणि तेव्हाही आधी तिनं आज्जीकडं बघून घेतलं.