रुज्जेरोचं लिंडन

दक्षिण इटलीत, पुलियातल्या एका शहरात मूल जन्मलं की नगरपालिका त्याच्या नावाचं एक झाड लावायची आणि बुंध्याशी नावाची पाटी ठोकायची. कुठलं झाड, ते ठरवायची उद्यान खात्यातली ओर्नेला. तीस वर्षांपूर्वी, नोकरीला नवी असताना, तिनं हौसेनं लिंडनची झाडं निवडली. जूनमध्ये त्यांच्या फुलांनी सगळा रस्ता घमघमायचा. वासाला भुलली आणि उन्हाचा विचार केला नाही, दुसरं काय. आता पानं जुलैतच करपत होती. यंदा सगळी झाडं काढून कॅरोब लावायचं ठरलं होतं. शेंगांचं चिवट झाड ते, उन्हाला भीक न घालणारं. यादीवर सही तिचीच होती.

यादी घेऊन एकेक झाड पाहत जाताना अडुसष्टाव्या झाडाशी मात्र तिचा पाय अडला. ते रुज्जेरोचं. रुज्जेरो चार वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून त्याची आई, कोंचेत्तामावशी, रोज सकाळी दोन कॅन पाणी आणून झाडाला घालायची. शेजारची वाळून कोळ झाली, तरी हे एक अर्धंमुर्धं हिरवं राहिलं होतं. आजही ती तिथंच होती.

"मावशी, हे काढावं लागेल," ओर्नेला म्हणाली. "चूक माझीच. या उन्हात तगणारं झाड नव्हतं हे."

आता म्हातारी शिव्यांची लाखोली वाहणार, असं ओर्नेलाला वाटलं. वाहिली असती तर तिला बरंच वाटलं असतं. पण मावशी कॅन खाली ठेवून बाकावर बसली.

"तुझी झाडाची चूक झाली, माझी पोराची," ती म्हणाली. "डोकं गरगरतंय म्हणत होता. मी म्हटलं, नाटकं करू नकोस, जा कामाला. जुलैची दुपार, छपरावरचं काम. मीच धाडला गं त्याला."

 ओर्नेला तिच्या शेजारी बसली.

मावशीनं विचारलं, "नवं टिकेल?"

"तुमच्यामाझ्यामागं शंभर वर्षं."

"मग लाव. पाटी त्याचीच ठेव. पाणी मी घालीन."

नेमकं हेच सांगायचं राहिलं होतं. "रोज नको, मावशी. फार पाण्यानं त्याची मुळं कुजतात. आठवड्यातून एकदा पुरे."

मावशीनं रिकाम्या कॅनचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं.

"एक दिवस येईन," ती म्हणाली. "उरलेले सहा दिवस सकाळी उठून मी कुठं जाऊ गं?"