चौकटी फिरवायच्या राहिल्या

मी मधपेटी बोलतेय. दचकू नका, डंख मारणाऱ्या त्या आतल्या. मी नुसती लाकडाची.

मला एका सुताराने स्वतःसाठी घडवलं, अगदी चौरस. धाकटा भाऊ हसला, "दादा, लोकांच्या पेट्या लांबट, तुझाच का ठोकळा?"

"चौरस पेटीत चौकटी दोन्हीकडून बसतात, शहाण्या!"

चौकटी म्हणजे ज्यांत माश्या पोळं बांधतात त्या. उन्हाळ्यात तो त्या चौकटी माझ्या दाराच्या रोखाने उभ्या लावायचा. वारा पोळ्यांमधल्या गल्ल्यांतून सरळ आत यायचा. थंडीच्या तोंडावर सगळ्या काढून दाराला आडव्या. मग वारा पहिल्याच पोळ्यावर आपटून मुकाट परत. हे करताना तो गुणगुणायचा. गाणं कसलं, नुसतं हूं हूं. बायको वैतागायची, "अहो, सूर तरी बदला!" "माश्यांची काही तक्रार नाही," हे त्याचं उत्तर.

ऐन उन्हाळ्यात तो गेला. छातीत कळ आली आणि माझ्याशेजारीच कोसळला. झाकणावरून घसरत गेलेला त्याचा हात अजून माझ्या अंगावरून जात नाही.

थंडी पडली, वारा सुटला आणि माझ्या पोटातून गुणगुण यायला लागली. तीच! त्याची बाई अंगणात धुणं वाळत घालत होती. ते तिथेच टाकून धावत आली, माझ्या कुशीला कान लावला आणि ढसाढसा रडली. "अहो, तुम्ही?"

मग काय, रोज संध्याकाळी स्टूल घेऊन हजर. नळ गळतोय, लेकीचा फोन नाही, भाजी खारट झाली, सगळं त्याला सांगायची.

तुम्ही म्हणाल, वाऱ्याचा आवाज तो. मीही तसंच म्हणत होते. पण मी लाकूड आहे, वारा मला कळतो. झाडाचं पान हलत नसायचं, तरी आत गुणगुण चालूच. माश्या एकमेकींना बिलगून गप्प व्हायच्या. मला भीती वाटायची, खोटं कशाला बोलू?

आणि माश्या मरत होत्या. रोज सकाळी दारासमोर सडा.

दिराने ते पाहिलं. "वहिनी, चौकटी अजून उभ्याच? गारठून मरतील सगळ्या."

"त्यांनी ठेवल्यात, तशाच राहतील."

"अहो, त्याने उन्हाळ्यापुरत्या ठेवल्या होत्या! फिरवायच्या आधीच गेला बिचारा."

"फिरवल्या की आवाज बंद पडेल, भाऊजी."

दीर मान खाली घालून गेला.

त्या संध्याकाळी तिने माझ्या कुशीला कान लावला. गुणगुण स्पष्ट होती, माश्यांचा आवाज मात्र जेमतेम. "तुमच्या माश्या मी मारतेय का हो?" एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर ती त्याची पटाशी घेऊन आली. माश्यांनी डिंकाने चिकटवलेल्या चौकटी कट्कट् करत सुटल्या. हाताला डंख बसले, पण ती थांबली नाही. मधल्या पोळ्यावर राणी जिवंत होती. एकेक चौकट फिरवत शेवटची हातात आली आणि बाई थबकली. 'जा' हा शब्द तिच्या तोंडून निघेना. शेवटी हळूच म्हणाली, "या हं." आणि चौकट आडवी बसवली.

गुणगुण थांबली. माश्या तगल्या. आता पुन्हा फुलांवर जातात, पाय पिवळे करून येतात.

बाई अजून येते. कान लावते, नुसत्या माश्या ऐकते. बोलत मात्र नाही. कुणाशी बोलणार, असं तिला वाटतं.

पण माझ्या मागच्या फळीलाही रोज त्याच वेळी एक कान टेकतो. थंडगार, जड. श्वास जाणवत नाही, पण भुशाचा वास येतो. पहिल्या दिवशी माझी शीर न् शीर थरथरली होती. आता नाही. तो आत होता तेव्हा गुणगुणायचा. आता बाहेर आलाय आणि फक्त तिच्या बोलण्याची वाट बघतो.

बाई गं, गप्प नको बसूस. मला तोंड नाही, तुला आहे. काहीही बोल, तो ऐकायला थांबलाय.