दमणीला लागलेली दृष्ट

भडगावच्या चुडामण सुताराने खेळण्यातली दमणी केली की तिच्यावर बसलेली माशी घसरून पडायची आणि लंगडत घरी जायची, इतकं घासकाम गुळगुळीत. खोटं वाटत असेल तर माशीला विचारा. वीतभर बैलगाडी, दोन बैल, वर छप्पर. तालुक्यातली तीन पिढ्यांची पोरं तीच ओढत चालायला शिकली.

पण यंदा जळगावच्या रतिलाल खेळणीवाल्याने हात वर केले. "चुडामणभाऊ, सरकारी शिक्का नसेल तर दुकानात ठेवता येत नाही. तपासणीत पास करून आणा, कराल तेवढ्या घेतो. नाहीतर ते कातकामाचं लेथ विकून टाका."

साठीला दुसरा धंदा शिकवतो कोण? चुडामणने नियमांचा कागद पाठ केला. टोकं घासली. हेमराजच्या दुकानातून बिनविषारी रंग आणला. चाक निघू नये म्हणून खुंटी अशी ठोकली, की ओढून बघायला दोन पैलवान आले. चाक जागच्या जागी राहिलं आणि पैलवान दोन दिशांना पडले. मग प्रयोगशाळेत पाठवायचा नमुना पेटीत ठेवून तो कुरिअरवाल्याला बोलवायला गेला.

तेवढ्यात त्याच्या बायकोने, वच्छलाबाईने, पेटी उघडली. नवी गाडी, परगावी निघालेली, आणि तशीच कोरी? "इतली दूर चालनी, दिष्ट लागी जाई ना!" असं पुटपुटत तिने सुईने बिबा ओवला, सुई त्यातच ठेवून काळ्या दोऱ्याने दमणीच्या आसाला बांधला आणि पेटी बंद केली.

महिन्याने कागद आला. नमुना नापास. बारीक सुटणारी वस्तू, गळ्याला फास बसेल असा दोरा, टोकदार सुई, कातडी भाजणारा बिब्याचा चीक. चुडामणला आधी वाटलं, दुसऱ्याच कुणाची गाडी. सुईपाशी आल्यावर त्याला कळलं. त्याने प्रयोगशाळेला फोन लावला.

"साहेब, तेवढं काढून बघा ना!"

"काका, पेटीत जे आलं ते खेळणं. नवा अर्ज करा. नंबर पुढच्या वर्षी लागेल."

रतिलालने तर तोवर दुकानातली दमणीची फळी प्लास्टिकच्या मोटारींना दिलीही होती.

घरी वच्छलाबाई दारातच उभी. "काय लिखेल शे?"

चुडामणने कागदाची घडी केली. "रंग खराब निंघना."

"बठ्ठा? पुरा डबा?"

"बठ्ठा."

"मी सोडस का त्या हेमराजले!"

आणि सोडला नाहीच. सकाळी रंगाच्या दुकानापुढे उभं राहून तिने हेमराजच्या सात पिढ्या धुऊन वाळत घातल्या. हेमराज लालबुंद झाला, तोंड उघडणार, तोच त्याला तिच्या पाठीमागे चुडामण दिसला. त्याने नुसते हात जोडले होते. हेमराजने तोंड मिटलं आणि खाली बघत राहिला.

दोघं घरी परतली तेव्हा विकलेलं लेथ न्यायला पिंप्राळ्याहून आलेला टेम्पो दारात उभा होता. वच्छलाबाई अजून हेमराजलाच बोलत होती. चुडामण लेथचे बोल्ट सोडायला बसला.