चहाच्या सर्वेतला आठवा प्रश्न

सोमवारी सकाळी अकरा वाजता माझ्या सुनेच्या मोबाईलवर आठवा प्रश्न आला आणि आमचा डंक वरच्या वर थांबला.

डंक म्हणजे मिरची कुटायचं यंत्र. लोखंडी मुसळ वर जातं, खाली येतं, चटणी होते. त्या दिवशी ते वर गेलं आणि खाली आलं नाही. वीज होती. पट्टा फिरत होता. उखळातून उडालेली चटणीसुद्धा खाली बसली नाही, लाल ढग होऊन तिथंच राहिली. मी त्यात हात घालून बघितला. गार लागली. कुणाला ठसका आला नाही, तेव्हाच मला संशय आला.

अंगणात सात बाया आपापली मिरची घेऊन बसल्या होत्या. डंकावर कुणी मिरची सोडून जात नाही, दुसरीची आपल्यात मिसळेल म्हणून.

"आक्का, लाईट गेली काय गं?" चंपाबाईनं विचारलं. ही चंपाबाई आमच्या गल्लीची. तिचं तोंड माझ्याइतकंच तिखट आहे, पण भेसळीचं.

"गेली न्हाई. बस गप."

मी घरात गेले. सून रोहिणी गॅसजवळ उभी होती. पातेल्यातलं दूध काठापर्यंत आलेलं होतं आणि तिथंच थांबलेलं होतं. नात रेणू पाटावर बसून आईचा मोबाईल वाचत होती. नऊ वर्षांची आहे. घरात वाचण्याचं काम तिच्याकडं असतं. मी दुसरी शिकले. अक्षर लावता येतं मला, पण मोबाईलवरचं अक्षर माझ्यासाठी थांबत नाही.

"काय चाललंय?"

"आई सर्वे भरतीय. चहाचा. भरला की रिचार्ज मिळतो."

सात प्रश्न चहाचे झाले होते. दिवसातून किती वेळा पिता, साखर किती, पावडर सुटी की पुड्यातली. रेणूनं आठवा वाचला. "तुमची जात कोणती? पोटजात लिहा. आणि पुढं लाल चांदणी आहे."

"चांदणी कशाची?"

"उत्तर दिल्याशिवाय पुढं जाता येत नाही."

"पुढं म्हंजे कुठं?"

"पुढं म्हणजे पुढंच, आजी."

मी मागच्या दारानं बाहेर पडले आणि पुढच्या दारानं त्याच स्वयंपाकघरात आले. पुन्हा गेले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गेले नाही. मला कुणी खेळवलेलं चालत नाही.

"विचार त्याला, चहाला जात कशाला लागती?"

रेणूनं टाइप केलं. उत्तर लगेच आलं. मोबाईलला विचार करायला लागत नाही. "प्रत्येक समाजातली माणसं योग्य प्रमाणात आहेत का, हे तपासण्यासाठी विचारतो. तुमची माहिती गुप्त राहील."

"ज्याला गुप्त ठेवायचंय तो आधी विचारतोच कशाला?" मी म्हटलं. "आन् प्रमाण मला शिकवतोय व्हय? किलोभर ब्याडगी मिरचीला संकेश्वरी किती, ते आधी सांग म्हणावं."

रेणूनं तेही टाइप केलं. मोबाईलनं पुन्हा आठवाच प्रश्न दाखवला.

खरं सांगते, चाळीस वर्षं डंक चालवला, पण मी कुणाला जात विचारलेली नाही. पाव्हणं कुठलं, मामाचं गाव कुठलं, खोबरं भाजून घालायचं का तळून, एवढंच विचारते. तिसऱ्या उत्तराला मला कळतं. ह्या मोबाईलला विचारायचीसुद्धा रीत नाही. सरळ तोंडावर विचारतो, पोलिसासारखं. आमची जात मी इथं लिहीत नाही. आडनावही लिहीत नाही, कारण तुम्ही त्यावरून काढाल. वाचायला घेतल्यापासून तुम्ही तेच करताय. मला दिसतंय.

माझा मुलगा संपत डंकाचं काय झालं ते सांगायला आत आला. त्याला प्रश्न दाखवला. त्यानं उभ्या उभ्या आमची जात लावली, चौकोन हिरवा झाला आणि रेणूनं वाचलं, "तुमच्या समाजातली माणसं पुरेशी झाली आहेत. वेळ दिल्याबद्दल धन्यवाद."

संपत कॉटवर जाऊन बसला. मी म्हटलं, अरे, मोटर बघ. माझं बोलणं त्याच्यापर्यंत गेलं आणि जसंच्या तसं माझ्याकडं परत आलं. त्याच्याकडून विचारून घ्यायचं काही उरलं नव्हतं. चेहऱ्यावर समाधान होतं. तसाही तो लहानपणापासून कुणी शाबास म्हटलं की बसणारा.

"आता प्रश्न आईला आहे," रेणू म्हणाली.

रोहिणीनं माझ्याकडं बघितलं. इथं मला एक गोष्ट सांगावी लागते. रोहिणी आमच्यातली नाही. अकरा वर्षांपूर्वी संपतनं तिला आणलं. पोरगी कामाची होती, बोलताना डोळ्याला डोळा भिडवायची. मला पसंत पडली. तिची जात पसंत पडली नाही. मग मी वाट काढली. लग्नात सुनेचं नाव बदलायची आमच्यात रीतच आहे. तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहितात. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मी तिचं नाव रोहिणी लिहिलं आणि त्याच ताटावर तिला माहेरही नवं दिलं. माझ्या चुलतमामाची नात, निपाणीकडची, आईबाप लहानपणीच वारलेले. तिचे आईबाप जिवंत होते. अक्षता पडायच्या आधी मी दोघांना मारून टाकलं. बोलण्यात. गावानं विश्वास ठेवला, कारण मी सांगितलं होतं.

"लाव आपली," मी म्हटलं.

रोहिणीनं लावली. चौकोनातली खूण पालीसारखी वळवळली, काचेवरून उतरली आणि ओट्यामागं गेली.

"उत्तर जुळत नाही," रेणूनं वाचलं. "तुमच्या माहेराबद्दल सांगा. घराला किती खिडक्या होत्या?"

"तीन," रोहिणीच्या आधी मीच बोलले. खोटं बोलायला वेळ लावला की ते खोटं दिसतं.

फडताळाच्या भिंतीत तीन खिडक्या उगवल्या. जुन्या, हिरव्या रंगाच्या, गजाच्या. भांडी सरकून त्यांच्यामधल्या जागेत दाटीनं उभी राहिली. खिडक्यांतून अंगण दिसायला लागलं आणि अंगणातल्या बायांना आम्ही.

"दारात झाड कोणतं?"

"चिंच."

गॅसच्या शेजारी फरशीतून चिंचेचं खोड वर गेलं, छतात शिरलं. वरून दोन पानं पडली.

"पाण्याची सोय?"

विहीर म्हणणार होते. मग विचार केला, विहिरीला जागा फार लागते. "हापसा," मी म्हटलं. संपतच्या कॉटच्या पायथ्याशी हापसा आला. त्यानं पाय जवळ घेतले, तेवढंच.

"घरात माणसं किती?"

"आत्ती, आता सांगू नका," रोहिणी हळू म्हणाली. "जागा न्हाई."

"चुलता, चुलती, तीन चुलतभाऊ," मी सांगून टाकलं. माणसं आली नाहीत, त्यांच्या भिंती आल्या. मधल्या घराच्या, माडीच्या, ओसरीच्या. एकात एक. पदर आवरून, श्वास धरून उभं राहावं लागलं. मला त्याचं काही वाटलं नाही. मी ह्याहून अडचणीत उभी राहिलेली आहे.

मग मी रेणूकडं बघितलं.

रेणूचे केस कुरळे आहेत. ते सरळ झाले होते. तेल लावून फणी फिरवल्यासारखे. ती डावरी आहे, डाव्या हातानं जेवते म्हणून माझ्या शिव्या खाते. मोबाईल तिच्या उजव्या हातात होता. आणि मी बघत असतानाच तिच्या हनुवटीवरची खळी भरून आली, भेगेत कणीक लिंपावी तशी.

ती खळी आमच्याकडची नव्हे. ती कुणाची ते मला माहीत होतं. चार वर्षांपूर्वी एक बाई दोन किलो मिरची घेऊन डंकावर आली होती. सगळ्यांना पुढं जाऊ देत संध्याकाळपर्यंत बसली, अंगणात खेळणाऱ्या रेणूकडं बघत. हनुवटीला हीच खळी. मी तिला काही विचारलं नाही. चहा दिला, नळाच्या कठड्यावर ठेवलेल्या कान तुटक्या कपात. बाई गेल्यावर रोहिणीनं तो कप धुतला आणि आत आमच्या कपांत ठेवला. मी बघितलं. 

"चुलत्याचं नाव काय?" रेणूनं वाचलं. आवाज शाळेत धडा वाचतात तसा.

"थांब गं. आईकडं बघ जरा."

रेणूनं मान वळवली. रोहिणीकडं नीट बघितलं आणि अदबीनं विचारलं, "ह्या कोण?"

खिडकीत कुजबूज झाली. सातही जणी उठून गजाला येऊन उभ्या राहिल्या होत्या. पुढं चंपाबाई.

रोहिणी रडली नाही. रडणाऱ्यातली असती तर मी तिला घरात घेतलंच नसतं. ती रेणूजवळ जायला निघाली, पण मधे ओसरीची भिंत होती. तिनं भिंतीवर हात ठेवला.

"आत्ती, तुम्ही सांगा."

"तू सांग की. तुझंच हाय."

"मी सांगून बघितलं. तुम्ही मागच्या दारानं गेला होता तवा. माझं खरं नाव लिवलं, जात लिवली. घेत न्हाई. म्हणतंय, हे नाव दुसऱ्या माणसानं बदललंय, त्याच माणसानं सांगावं."

"आजी," रेणू म्हणाली, "इथं आकडे उलटे चाललेत. वीस. एकोणीस."

"संपले की?"

"संपले की हेच उत्तर धरणार म्हणतंय. कायमचं."

मी खिडकीकडं बघितलं. चंपाबाईनं गज दोन्ही हातांनी धरले होते. "आक्का, आमालाबी ऐकू दे," ती म्हणाली. "सुनेचं म्हायेर कुठलं म्हणाली हुतीस? निपाणी का चिक्कोडी? एकदा एक सांगतीस, एकदा एक."

चाळीस वर्षं ह्या बाया माझ्या शब्दावर मिरची टाकतात. माझ्या उखळात काय पडलं आणि काय नाही, हे मी म्हणेन तसं. तो शब्द गेला की डंक म्हणजे नुसतं लोखंड.

"अकरा," रेणू म्हणाली. "दहा." तिचे डोळे बदलायला लागले होते. पापण्या तिच्या आईच्या आहेत, दाट.

मी सांगितलं. मोठ्यानं, खिडकीकडं तोंड करून, म्हणजे पुन्हा सांगायला लागू नये. तिचं आईबापांनी ठेवलेलं नाव, बापाचं नाव, गाव, जात, पोटजात. दोघं जिवंत आहेत, तेही सांगितलं. ते नाव इथं लिहीत नाही. एकदा सांगितलं, जिथं सांगायचं तिथं.

माहेर मिटलं. आवाज न होता, घडी घालावी तसं. आधी माडी, मग ओसरी, मग चिंच. खिडक्या शेवटपर्यंत राहिल्या, आणि त्यांत बाया. दूध उतू गेलं. बाहेर मुसळ आपटलं आणि थांबलेला सगळा ठसका त्या सात जणींना एकदम लागला.

चंपाबाईनं तोंडाला पदर लावला. "माझी मिरची तेवढी काढून दे, आक्का," ती खोकत म्हणाली. "मिसळली असंल तर ऱ्हाऊ दे."

"मिसळली हाय," मी म्हटलं. "पयल्या दिवसापासनं."

ती गेली. तिच्या मागं बाकीच्या. कोण कोण गेलं ते मी मोजलं नाही.

रेणूचे केस वळले. हनुवटीला खळी पडली. मोबाईल तिनं डाव्या हातात घेतला. "आई," ती म्हणाली, साधं, शाळेतून आल्यावर म्हणते तसं. रोहिणीनं तिला जवळ घेतलं आणि बराच वेळ धरून ठेवलं. तिच्या खांद्यावरून रेणूचं तोंड मोबाईलकडं होतं. ओठ हलत होते. ती मनात वाचत होती.

"मोठ्यानं वाच," मी म्हटलं.

"नववा प्रश्न माझ्यासाठी आहे."

"मग? घरातच हाय न्हवं? वाच."

"समोर उभी असलेली बाई तुमची कोण लागते?" रेणूनं वाचलं. "आणि चौकोन तीन. आजी. कुणी नाही. सांगायचं नाही."

"त्यात इचार कसला करतीस? लाव की."

रेणूनं लावलं नाही. आईच्या मिठीतून बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. माझ्या पायांपासून सुरुवात करून वर बघत गेली. जोडवी, लुगड्याचा काठ, हात, कपाळ. कुठं थांबली नाही.

"आजी, तू माझ्या दुसऱ्या आजीला मारलं होतंस?"

"बोलण्यापुरतं गं."

"किती वर्षं?"

"अकरा."

"आणि मी तिला कधी बघितलंय का?"

"एकदा. तू खेळत हुतीस."

रोहिणी मधे पडली नाही. ओट्यावर सांडलेलं दूध पुसत राहिली.

रेणूनं मोबाईल तळहातावर धरला आणि दुसऱ्या हाताची करंगळी काचेवर नेली. आमच्या घरात करंगळी मधल्या पेरात आत वाकलेली असते. माझ्या आईची तशी होती, माझी आहे, संपतची आहे, आणि ही जन्मली तेव्हा सुईणीनं पहिली तीच दाखवली होती. करंगळी काचेपासून वीतभर वर थांबली. मी तिच्याकडं बघत होते.

वाकलेलं पेर हळूहळू सरळ होत होतं.